रंगमंचावरून रस्त्यावर : ‘टुटू’ची कहाणी

बॅले म्हटले की पायाच्या बोटांच्या टोकांवर तोललेली नर्तिका आणि तिच्या कमरेभोवती फुललेला शुभ्र, जाळीदार झगा हेच चित्र डोळ्यांसमोर येते. या झग्याला ‘टुटू’ म्हणतात. फ्रेंच लहान मुलांच्या बोलीतील पार्श्वभागासाठीच्या शब्दावरून हे नाव आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नाव असे गमतीदार असले, तरी या वस्त्राचा इतिहास मात्र गंभीर आहे. नर्तिकेला मोकळेपणाने हालचाल करता यावी आणि तिचे कौशल्य प्रेक्षकांना दिसावे, या गरजेतून टुटू घडत गेला. या वाटचालीत काही नर्तिकांना प्राणांचे मोल द्यावे लागले.

घोट्यापासून सुरुवात

अठराव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिस ऑपेरातील स्त्रिया जमिनीपर्यंत लोळणारे जड घागरे घालून नृत्य करीत. वेगवान पदन्यास आणि उंच उड्या ही पुरुष नर्तकांचीच मक्तेदारी मानली जात असे. मारी कामार्गो या नर्तिकेने ती मोडली. आपला पदन्यास लोकांना दिसावा म्हणून १७३०च्या सुमारास तिने घागरा घोट्याच्या वर नेला. आज ही बाब क्षुल्लक वाटेल; पण त्या काळी तिने मोठी खळबळ उडवून दिली.

टुटूचा खरा जन्म मात्र १२ मार्च १८३२ रोजी झाला, असे म्हणता येईल. त्या दिवशी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले प्रथम सादर झाला. फिलिपो तालिओनी यांनी तो आपली कन्या मारी हिच्यासाठी रचला होता. मारीची भूमिका होती वाऱ्यासारख्या हलक्या परीची. घट्ट चोळी आणि पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा तलम पांढरा झगा असा तिचा वेश होता. त्याचे श्रेय चित्रकार युजेन लामी यांना दिले जाते.

या यशामागे तंत्रज्ञानाचाही हात होता. १८०९ मध्ये इंग्लंडच्या जॉन हीथकोट यांनी जाळीदार कापड विणणाऱ्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले आणि पूर्वी हाताने विणली जाणारी जाळी हळूहळू स्वस्त झाली. १८२२ मध्ये पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे आले. या दिव्यांच्या मंद, निळसर प्रकाशात पांढरी जाळी धुक्यासारखी भासे. १८४१ च्या ‘जिझेल’ने हा वेश पक्का केला. ‘ला सिल्फीद’ याच नावाचे फॅशनविषयक नियतकालिकही १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये निघू लागले. रंगमंच आणि फॅशन यांचे नाते इतके जुने आहे.

गॅसची ज्योत आणि जाळीचा झगा

तथापि, ज्या दिव्यांनी हा आभास निर्माण केला, तेच दिवे नर्तिकांचे वैरी ठरले. जाळीच्या थरांमध्ये हवा खेळती असल्याने ठिणगी पडताच झगा भडकून पेट घेई. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तिकेचा झगा पेटला आणि त्यातच तिचा अंत झाला.

सर्वाधिक हळहळ झाली ती एमा लिव्रीसाठी. उतारवयातील मारी तालिओनीची ही लाडकी शिष्या. तिच्यासाठी तालिओनीने १८६० मध्ये ‘ल पापियाँ’ हा बॅले रचला. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख ज्योतीने होरपळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका संगीतिकेच्या तालमीत प्रवेशाची वाट पाहत असताना एमाने आपला झगा सारखा केला. त्या झुळकीने विंगेतील गॅसची ज्योत भडकली आणि क्षणार्धात ती आगीने वेढली गेली. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये तिने प्राण सोडले. तेव्हा ती अवघी २० वर्षांची होती.

यातील वेदनादायक भाग असा, की कापड आगीपासून सुरक्षित करणारे रासायनिक द्रावण तेव्हा उपलब्ध होते. परंतु त्यात बुडवलेली जाळी ताठर आणि कळकट दिसे. एमाने तशी जाळी घालण्यास नकार दिला होता. अर्थात, दोष केवळ तिच्या हट्टाला देता येणार नाही. नर्तिका तरंगल्यासारखीच दिसली पाहिजे, ही प्रेक्षकांची आणि नाट्यगृहाची अपेक्षाही त्या हट्टामागे होती.

गुडघ्याच्या वर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील नर्तिकांनी गिरक्या आणि उड्यांचे तंत्र कमालीचे अवघड केले. साहजिकच झगा पुन्हा आखूड झाला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने तेथील लांब झगा नाकारून आखूड झग्याचा आग्रह धरला. १८९५ मध्ये तेथेच ‘स्वान लेक’च्या नव्या प्रयोगात पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. पोटरीपर्यंतच्या झग्यात हे कौशल्य झाकले गेले असते. पुढे झगा आणखी वर जाऊन कमरेपासून थाळीसारखा आडवा पसरू लागला. टुटूचे हेच रूप आज सर्वाधिक परिचयाचे आहे.

हे वस्त्र शिवणे हे कसबी काम आहे. जाळीच्या दहा-बारा पट्ट्या चुण्या घालून एकाखाली एक जोडतात. वरच्या पट्ट्या रुंद, खालच्या अरुंद असतात. थर विस्कटू नयेत म्हणून ते हाताने सैल टाक्यांनी बांधतात. काही प्रकारांत आकार टिकवण्यासाठी तारेचे कडे घातले जाते. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बॅलन्शिन यांच्यासाठी वेश घडवणाऱ्या बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये हे कडेच काढून टाकले आणि पावडर लावण्याच्या पफासारखा मऊ, आखूड टुटू तयार केला. त्यामुळे शेजारी नाचणाऱ्या नर्तिकांचे झगे एकमेकींना धडकेनासे झाले.

डिओर ते टेनिस कोर्ट

बारीक कंबर आणि त्याखाली फुललेला घेर ही टुटूची आकृती विसाव्या शतकाच्या मध्यास फॅशनविश्वात ठसली. १९४७ मध्ये ख्रिश्चन डिओर यांनी युद्धकाळातील काटकसरीला फाटा देत भरघोस घेराचे पोशाख आणले. विख्यात ब्रिटिश नर्तिका मार्गो फोंटेन त्यांच्या ग्राहकांपैकी एक होती.

पुढे टुटू थेट रस्त्यावर उतरला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकी मालिकेच्या शीर्षकदृश्यात सारा जेसिका पार्कर हिने घातलेला टुटू वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्ड यांना अवघ्या पाच डॉलरला मिळाला होता. २०२४ च्या लिलावात तशाच एका टुटूला ५२ हजार डॉलर मिळाले. २०१० च्या ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाने काळ्या टुटूला मान मिळवून दिला.

सर्वांत बोलका प्रसंग २०१८ चा. फ्रेंच ओपनमध्ये सेरेना विल्यम्सने घातलेल्या अंगासरशी काळ्या पोशाखावर तेथील टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी नापसंती दर्शवली. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाल्याने तिने तो निवडला होता. त्यानंतरच्या अमेरिकन ओपनमध्ये सेरेना व्हर्जिल अबलो यांनी घडवलेला टुटू घालून खेळली. नाजूकपणाचे प्रतीक मानल्या गेलेल्या वस्त्रात जगातील एक अत्यंत बलदंड सर्व्हिस पाहायला मिळाली.

आपल्याकडे घागऱ्याला फुगीर घेर यावा म्हणून आतून लावलेल्या ताठ जाळीला ‘कॅनकॅन’ म्हणतात. हे नाव पॅरिसच्याच दुसऱ्या एका नृत्याचे. पण थरावर थर चढवून कापड उभे करण्याची युक्ती तीच. लग्नसमारंभात मिरवणाऱ्या घेरदार घागऱ्यांत आणि मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकमध्येही ती दिसते. टुटू नाजूक दिसतो खरा. परंतु तो घडवला कष्टाळू पायांनी. सेरेनाने त्याला ताकदीशी जोडले, तेव्हा एका अर्थी त्याचे मूळचे नातेच पुन्हा उजेडात आले.