बीएचे कच्चे टक्के आणि अर्थशास्त्राची पीएचडी
(लेखमाला : पदवीनंतर – लेखांक ६)

हैदराबादच्या अंबरपेठेला उस्मानिया विद्यापीठाचा शेजार. त्यामुळे इथल्या मराठी घरांत ‘पुढे पीएचडी’ हा विषय सहज निघतो आणि बीएचे टक्के सांगायची वेळ आली की तिथेच अडतो. गेल्या लेखांकानंतर सर्वांत जास्त विचारणा झाली ती याचीच : पदवीला पन्नासच्या आसपास गुण, एखाद्या सत्रात बॅकलॉग, तर अर्थशास्त्रात डॉक्टरेट जमेल का?

भारतापुरते उत्तर वाटते त्याहून सोपे आहे. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीसाठी एमएला ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. दोन वर्षांचे एमए केलेल्यांच्या बीएच्या टक्क्यांबद्दल या अटीत काहीच नाही. पदवीचे टक्के आडवे येतात ते चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जाऊ पाहणाऱ्याला. त्याला ७५ लागतात. बीए कच्चे असेल तर ही जवळची वाट सोडावी आणि एमए नीट करावे. जून २०२४ पासून पीएचडी प्रवेशाला नेट या पात्रता परीक्षेचे गुणही धरतात. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली नाही तरी ७० टक्के भार नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला.

एमएला शिरताना प्रवेश परीक्षा मदतीला येते. हैदराबाद विद्यापीठासाठी सीयूईटी, उस्मानियासाठी सीपीजीईटी, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एमएसक्यूईसाठी तिची स्वतःची लेखी परीक्षा. किमान टक्क्यांची अट मात्र प्रत्येक ठिकाणी आधी वाचून घ्यावी.

अमेरिकेचे गणित निराळे. तिथे पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते, म्हणून जागा मोजक्या आणि निवड समिती सावध. पहिल्या वर्षाचे सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती हे सगळे गणितात मांडलेले असते. त्या परीक्षांत विद्यार्थी गळाला तर खर्च वाया. समिती गुणपत्रिका वाचते ती या धास्तीने. त्यामुळे किती घसरलात यापेक्षा कशात घसरलात हे पाहिले जाते. राज्यशास्त्रात काठावर पास झालात तर फारसे बिघडत नाही. कलनशास्त्रात किंवा सांख्यिकीत घसरला असाल तर त्याच विषयांत नवे, चांगले गुण दाखवावे लागतात. रिअल अ‍ॅनालिसिसचा अभ्यासक्रम करता आला तर उत्तम. जीआरईच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवून हे भरून निघत नाही, कारण तो पेपर शाळेच्या गणिताचा असतो. आणि घरच्या अडचणींची कहाणी अर्जात दोन ओळींपलीकडे नेऊ नये. शिक्षकांनी आपल्या पत्रात ती सांगितली तर तिला जास्त वजन येते.

या विषयात बाबासाहेबांचे मॅट्रिकचे गुण हमखास ऐकवले जातात : १९०७ साली, ७५० पैकी २८२. पण ज्या समाजाला शाळेत नीट बसूही दिले जात नव्हते, त्यातला मुलगा नुसता पास झाला म्हणून तेव्हा सत्कार झाला होता. आजच्या ३७ टक्क्यांशी त्याची तुलना करणे मला पटत नाही. शिवाय पुढचे कोणी सांगत नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले आणि तिथे एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम केले. १९१६ मध्ये लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल लिहिले. त्या पत्रामागे तीन वर्षांचे काम होते. (याच बाबासाहेबांना उस्मानियाने १९५३ मध्ये मानद डी.लिट. दिली.)

असे पत्र हवे तर कोणाच्या तरी हाताखाली काम करायला हवे. इथे हैदराबादच्या मराठी मुलामुलींचे पारडे थोडे जड आहे. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूरचे शिरापूर, अकोल्याचे कंझरा, तेव्हाच्या महबूबनगरचे औरेपल्ली अशा गावांत घरोघरी पेरणी, मजुरी, उधारी यांच्या नोंदी ठेवल्या. वाईट वर्षात गावकरी एकमेकांना कितपत सावरतात, यावरचा रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा गाजलेला शोधनिबंध याच तीन गावांच्या आकड्यांवर उभा आहे. शिरापुरात मराठी आणि औरेपल्लीत तेलुगू बोलू शकणारा संशोधन सहायक सहज मिळत नाही. बेगमपेठेतील सेस, जे-पाल साउथ एशिया अशा संशोधन संस्थांत सहायकांच्या जागा निघतात तेव्हा दोन्ही भाषा येतात हे अर्जात ठळक लिहा. मात्र नुसती प्रश्नावली भरून घेण्याच्या कामात वर्ष घालवू नका. आकडे साफ करणे, स्टाटा किंवा आरमध्ये विश्लेषण करणे हे काम मागून घ्या. पत्र लिहिणाऱ्याला सांगण्यासारखे त्यातूनच मिळते.

अमेरिकेतले अर्ज बहुतेक डिसेंबरात जातात. या उन्हाळ्यात बीए संपत असेल तर दोन वर्षे एमए आणि पुढे नोकरी धरून तुमचा अर्ज चौथ्या डिसेंबरात जाईल. हा हिशेब घरी आत्ताच मांडून ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी स्थळे येऊ लागतात.

पुढील लेखांकात : शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांच्या हाती काय काय द्यावे.