दिवा लागला, पण पुढची चाके ओढतात का? जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतील हब बदलण्याविषयी

कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात पकड-नियम लागू असतो. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल आणि टायरच्या खाचांची खोली किमान ३/१६ इंच असेल, तर नियमाचे समाधान होते. हिवाळ्यासाठी एखादी जुनी, दणकट गाडी दारात ठेवणारे आपल्यातही आहेत, आणि त्यांचा भरवसा डॅशबोर्डवरील ‘४x४’च्या दिव्यावर असतो. मात्र तीस वर्षांच्या गाडीत तो दिवा अर्धेच सत्य सांगतो.

उदाहरण म्हणून १९९१ ते १९९४ या मॉडेल-वर्षांतील फोर्ड एक्स्प्लोरर घेऊ. बटण दाबले की ट्रान्सफर केस पुढच्या शाफ्टला शक्ती देते, एवढे दिवा कळवतो. ती शक्ती एक्सलमधून चाकापर्यंत पोहोचवणारा शेवटचा दुवा म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेले लॉकिंग हब. त्याने चाक पकडले की नाही, याची दिव्याला काहीच खबर नसते.

हे हब मुळात आले ते काटकसरीसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या जीप स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. पक्क्या रस्त्यावर त्यांचा पुढचा एक्सल विनाकारण फिरत राही, इंधन आणि सुटे भाग झिजवी. १९४८ मध्ये सिअ‍ॅटलच्या आर्थर वॉर्न यांनी पुढची चाके एक्सलपासून मोकळी करणारे हब बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. चालकाने खाली उतरून हबवरची चकती हाताने फिरवायची, एवढीच त्याची पद्धत. पुढे ग्राहकांना उतरणे नकोसे झाले आणि ऑटोमॅटिक हब आले. भारतातील पहिल्या पिढीच्या महिंद्रा थारमध्येही ऑटोमॅटिक हब होते, आणि तिकडच्या हौशी चालकांतही ते काढून मॅन्युअल बसवणारे आहेत.

ऑटोमॅटिक हबची युक्ती मोठी चतुर आहे. पुढचा एक्सल फिरू लागला की हबमधील एक भाग स्थिर स्पिंडलवर घासून अडतो. त्या अडथळ्यामुळे कॅम आपल्या उतारावर चढतो आणि दातेरी कडे सरकवून एक्सल व हब यांना जोडतो. सोडवण्यासाठी टू-व्हीलमध्ये येऊन गाडी सुमारे तीन मीटर उलट चालवावी लागते. म्हणजे जोडणी टिकते ती घर्षणावर आणि फिरण्याच्या दिशेवर. नेमकी हीच दोन्ही गृहीतके बर्फात कोसळतात. रुतलेली गाडी आपण पुढे-मागे झुलवून काढतो. दिशा बदलली की हब क्षणभर सुटते आणि उलट बाजूने पुन्हा पकडते. ज्या क्षणी ओढ हवी त्याच क्षणी पुढची चाके मोकळी असतात, शिवाय प्रत्येक वेळी दात्यांवर आघात होतो तो वेगळाच. घासणारा भाग झिजलेला असेल किंवा जुने ग्रीस थंडीत घट्ट झाले असेल, तर एका बाजूचे हब पकडते, दुसरे नाही. एक्स्प्लोररच्या साध्या डिफरन्शियलमध्ये शक्ती मोकळ्या बाजूकडे निसटते. त्यामुळे एक हब पकडूनही पुढचे एकही चाक ओढत नाही, आणि दिवा मात्र लागलेलाच असतो.

यावर मॅन्युअल हबचा संच बसवणे हा उपाय. टोपण काढायचे, एक्सलच्या टोकाची सर्क्लिप व वॉशर काढायचे, मग कॅमची जुळणी बाहेर घ्यायची. इथवर काम सोपे असते आणि अनेकांचा उत्साह इथेच घात करतो. खरे काम पुढे आहे. चाकाचे बेअरिंग ज्या नटाने जागेवर राहते, तो नट ऑटोमॅटिक रचनेसाठी वेगळा असतो. बदल करताना त्याच्या जागी मॅन्युअलचे नट-वॉशर येतात: आतला नट बेअरिंगचा ताण ठरवतो, मधले वॉशर त्याला अडवते, बाहेरचा नट सगळे पक्के करतो. सर्व संचांत हे भाग असतातच असे नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. चार दात्यांचा विशेष सॉकेट आणि टॉर्क रेंच हवाच. हातोडी-छिन्नीने नट फिरवण्याची जुगाडू रीत इथे मुळीच नको. नट ढिला राहिला तर चाक डुलते, जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळते. किती आवळायचे, किती सोडायचे आणि पुन्हा किती आवळायचे, याचा त्या वर्षाच्या मॉडेलसाठी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेला आकडाच प्रमाण मानावा. चाक निघालेच आहे, तर बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे आणि सीलही बदलावे. हबच्या यंत्रणेत मात्र ग्रीस ठासू नये, पातळ लेप पुरेसा असतो. ठासलेले ग्रीस थंडीत तीच जुनी अडचण नव्याने उभी करते.

गाडी जॅक-स्टँडवर असतानाच, इंजिन बंद ठेवून आणि टू-व्हीलमध्ये, तपासणी करावी. हब ‘फ्री’वर ठेवून चाक हाताने फिरवले तर एक्सल स्थिर राहायला हवा. ‘लॉक’वर तो चाकाबरोबर फिरायला हवा. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर दोन्ही हबजवळ हात नेऊन एक बाजू अधिक तापली आहे का ते पाहावे, आणि टायर वर-खाली धरून हलवून चाकात खेळ नाही याची खात्री करावी.

१९९८ ते २००० च्या फोर्ड रेंजरमध्ये निर्वाताच्या दाबावर चालणारे हब होते. तेही मॅन्युअलमध्ये बदलता येतात, पण त्यांचा संच वेगळा असतो आणि निर्वाताची नळी बंद करावी लागते. दिसायला सारख्या गाड्या म्हणून एकाचा संच दुसरीसाठी मागवू नये.

बदल केल्यावर सवयही बदलावी लागते. घाट चढण्यापूर्वी, कोरड्या जागी थांबूनच दोन्ही हब ‘लॉक’ करावेत. गुडघाभर बर्फात रुतल्यावर उतरून चकती चाचपण्यात अर्थ नाही. हब लॉक असूनही गाडी टू-व्हीलमध्ये असेल तर नुकसान नाही, थोडे इंधन जास्त जाते इतकेच. कोरड्या डांबरावर मात्र हब लॉक करून फोर-व्हील लावणे टाळावे. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो आणि तो ताण सारा यंत्रणेत कोंडतो. एक छुपा लाभही आहे: हब ‘फ्री’ ठेवून लो-रेंज लावली की फक्त मागच्या चाकांवर हळू, जोरकस चाल मिळते. ट्रेलर मागे घेताना ती फार उपयोगी पडते.

ज्यांची गाडी वर्षातून दोनदाच बर्फ पाहते आणि जिचे ऑटोमॅटिक हब निरोगी आहेत, त्यांनी केवळ हौसेपोटी हा खर्च करू नये, असे माझे मत आहे. गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल, तर चकत्या कुठे आहेत आणि कशा फिरवायच्या हे त्यांनाही प्रत्यक्ष दाखवून ठेवावे. कारण आता बटण दाबल्यावर दिवा पूर्वीसारखाच लागेल, पण चकती ‘फ्री’वर असेल तर पुढची चाके ओढणार नाहीत.