विश्लेषण : उसात बिबट्याचे बछडे दिसले, तर मोबाइल खिशातच का ठेवायचा?

वन्यजीव छायाचित्रण म्हटले की दूरच्या बेटावरची सफर आणि महागडी लेन्स डोळ्यांसमोर येते. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात वन्यप्राणी घरामागच्या उसात असतो आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात. नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावांच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली, की फडात बछडे सापडण्याची शक्यता वाढते. अशा वेळी फोटोसाठी जमलेली गर्दी पिलांची आईपासून ताटातूट करू शकते आणि गावालाही धोक्यात टाकू शकते. ते कसे?

बिबट्या उसात का राहतो?

कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे या भागात बागायत वाढली. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. त्यात बिबट्याला लपायला जागा मिळते, पाणी जवळ असते आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या एकूण खाद्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव व वस्तीजवळच्या प्राण्यांचा आढळला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. अनेक माद्या उसातच पिलांना जन्म देतात.

बछडे सापडल्यावर काय केले जाते?

तोड सुरू झाली, की मादी आवाजाने बाजूला होते आणि पिले मागे राहतात. ती पिलांना सोडून गेलेली नसते, बहुतेकदा जवळच्याच दुसऱ्या उसात असते. वन विभागाचे कर्मचारी आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पथक पिलांची तपासणी करतात. संध्याकाळी ती खोक्यात घालून सापडली त्याच ठिकाणी ठेवली जातात आणि सगळे लांब जातात. जवळ एक स्वयंचलित कॅमेरा लावलेला असतो. अंधार पडल्यावर मादी येते, पिलू मानेला धरून उचलते आणि निघून जाते. ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न होतो.

फोटोमुळे बिघडते काय?

पहिली अडचण गर्दीची. ‘अमुक मळ्यात बछडे’ असा फोटो गावाच्या ग्रुपवर पडला, की अर्ध्या तासात बांधावर माणसे उभी राहतात. माणसांचा वावर असेपर्यंत मादी पुढे येत नाही. तिच्या आणि पिलांच्या मध्ये कोणी आले, तर हल्ल्याचा धोका असतो.

दुसरी अडचण भीतीची. ही भीती खोटी नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांसह तिघांचा जीव गेला. अशा वातावरणात जुना, दुसऱ्या गावचा किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला फोटोही खरा वाटतो. लगेच ‘पिंजरा लावा, दूर नेऊन सोडा’ अशी मागणी होते.

हा उपाय जुन्नरमध्ये करून झाला आहे. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात पकडलेले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. नंतर हे प्रमाण १७ वर गेले.

कॅमेरा ट्रॅप कसा चालतो?

हा कॅमेरा खांबाला किंवा झाडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. समोरून उबदार शरीर हलले, की सेन्सरला उष्णतेतील फरक कळतो आणि फोटो निघतो. रात्री अनेक कॅमेरे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, त्यामुळे फोटो कृष्णधवल येतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावण्याचेही कारण आहे. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे ठिपकेही जुळत नाहीत. दोन्ही बाजू मिळाल्या, तर तोच बिबट्या पुन्हा आला की दुसरा आला, हे सांगता येते.

या तंत्राने मोठे फोटोही मिळाले आहेत. मुंबईच्या आरे वसाहतीतील गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकर यांचा फोटो २०१६मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी गटात पहिला आला. त्यासाठी त्यांनी कॅमेरा व दिवे लावून चार महिने वाट पाहिली. बिबट्याचा पाठलाग केला नाही.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याला पकडणे, हाकणे, आमिष लावणे आणि तसा प्रयत्न करणेही तिच्यात येते. म्हणजे चांगला फोटो मिळावा म्हणून मांस टाकणे किंवा बिबट्याला उसातून बाहेर हुसकणे कारवाईला निमंत्रण देऊ शकते.

बछडे दिसले तर काय करावे?

- तोड थांबवा आणि मजुरांची मुले फडापासून दूर न्या.
- पिलांना उचलू नका, दूध पाजू नका, सेल्फी काढू नका.
- वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खूण म्हणून फोटो हवाच असेल, तर लांबून एक काढा आणि तो फक्त वन कर्मचाऱ्यांना पाठवा.
- बांधावरची गर्दी हटवा. त्या रात्री त्या बाजूला पाणी धरायला एकट्याने जाऊ नका.

गालापागोस बेटांवरचे प्राणी माणसाला फारसे घाबरत नाहीत. तिथेही पर्यटकांना दोन मीटर अंतराचा नियम आहे. वारूळवाडीच्या शिवारातली मादी माणसाला ओळखून असते. ती पिलांपर्यंत पोहोचायची असेल, तर बांध रिकामा हवा. तो फोटो कॅमेरा ट्रॅप काढेल.