मालवणचा सागरकिनारा : पाहावे काय, जपावे काय

महाराष्ट्रास लाभलेल्या सुमारे सातशेवीस किलोमीटर लांबीच्या सागरकिनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडे मालवण हे जुने बंदर वसले आहे. पावसाळा ओसरला की येथील आकाश निरभ्र होते, समुद्र निवळतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत पर्यटकांची वर्दळ सुरू राहते. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली या स्थानकांवरून रस्त्याने मालवण गाठता येते.

पाण्यातील दुर्ग

मालवणचे पहिले आकर्षण अर्थातच सिंधुदुर्ग. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या जलदुर्गाच्या उभारणीस प्रारंभ केला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने अल्पावधीत तेथे पोहोचता येते. पावसाळ्यात मात्र ही वाहतूक बंद असते. नागमोडी तटबंदीत लपलेला महादरवाजा, श्री शिवराजेश्वराचे मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे पाहावयास मिळतात. चोहोबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश आहे.

वाळू आणि रापण

मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीची रुपेरी पुळण पसरली आहे. त्यापुढे देवबाग येथे कर्ली नदी समुद्रास मिळते. एका बाजूस खाडी आणि दुसऱ्या बाजूस सागर अशा या चिंचोळ्या पट्टीवर नौकाविहाराचा आनंद घेता येतो.

किनाऱ्यावर सकाळी फिरणाऱ्यास रापण पाहण्याची संधी मिळू शकते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडले जाते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसे ते किनाऱ्याकडे ओढतात. बांगडा, तारली, पेडवे अशी मासळी मिळाली की ओढणाऱ्यांना तिचा वाटा मिळतो. सहकाराची ही रीत पुस्तकातून नव्हे, समुद्राच्या सान्निध्यात शिकलेली आहे. नारळी पौर्णिमेस बंदरात सागराला श्रीफळ अर्पण करण्याचा सोहळाही मोठ्या श्रद्धेने पार पडतो. जेवणात मालवणी मसाल्याचे कालवण आणि सोलकढी, तर परतताना मालवणी खाजे, असा येथील प्रघात आहे.

पाण्याखालील संपदा

मालवणचे खरे वैशिष्ट्य मात्र लाटांखाली आहे. सिंधुदुर्गाच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ ही वनस्पती नव्हे; ते सूक्ष्म प्राण्यांचे वसतिस्थान होय. त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्याचा वाटा प्रवाळांना देते. म्हणूनच उथळ, स्वच्छ आणि सूर्यप्रकाश पोहोचणारे पाणी त्यांना मानवते. जे ऊन पर्यटकांना येथे आणते, तेच प्रवाळांनाही जगविते.

ही संपदा लक्षात घेऊन १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रात मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. पाण्याखालील हे दृश्य पाहण्यासाठी श्वसननळी लावून पोहणे अथवा पाठीवर प्राणवायूसाठी हवेची टाकी बांधून बुडी मारणे, अशा दोन्ही सोयी आता येथे उपलब्ध आहेत.

परंतु प्रवाळांची वाढ अतिशय मंद असते. होडीचा नांगर खडकावर पडला, नवख्याने त्यावर पाय रोवला किंवा आठवण म्हणून एखादा तुकडा तोडला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात नष्ट होते. समुद्राचे पाणी अधिक तापल्यास प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे संकट दीर्घकाळ टिकले तर ते मरतात. तापमानावर एकट्या मालवणचे नियंत्रण नाही. नांगर आणि पाय यांवर मात्र निश्चित आहे.

पाहुण्याचे कर्तव्य

प्रशिक्षित मार्गदर्शकासोबतच पाण्यात उतरावे, प्रवाळांना स्पर्श करू नये आणि प्लास्टिक परत न्यावे. प्रवाळ तोडणे वा बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. मासळीच्या अनेक जाती प्रवाळांच्या आश्रयाने वाढतात. त्यामुळे त्यांच्या रक्षणात रापणीचे दोर ओढणाऱ्या हातांचेही हित सामावलेले आहे. मालवणला येणाऱ्याने हे जाणून वागावे, म्हणजे पुढच्या हंगामातील पाहुण्यासही हा समुद्र तितकाच समृद्ध भेटेल.