छोट्यांची धाव आणि मोठ्यांचे हिशेब

थंडी पडू लागली की महाराष्ट्रातल्या शहरांत, आता तालुक्याच्या गावांतही, रविवारी सकाळी रस्ते अडवून धावण्याचे कार्यक्रम भरतात, आणि त्यांत एक-दोन किलोमीटरचा छोट्यांचा गट हमखास असतो. पाच-सात वर्षांच्या मुलाचं नाव त्यात घालायचं म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. आजी-आजोबांच्या मते इतक्या कोवळ्या वयात पळवलं तर गुडघे झिजतात, उंची खुंटते. आई-बाबांपैकी जो स्वतः धावतो त्याचं म्हणणं वेगळं: आधी महिनाभर सराव, सुरुवात हळू, मग एकसारखा वेग, आणि मध्ये थांबायचं नाही. वरवर पाहता ही मतं परस्परविरोधी आहेत, पण दोन्हींच्या पोटात एकच समजूत दडलेली आहे: मूल मोठ्यांसारखंच धावतं, फक्त त्याची पावलं लहान. शरीरशास्त्राचा पुरावा या समजुतीला अजिबात साथ देत नाही.

गुडघ्यांची भीती पूर्णपणे निराधार नाही, म्हणूनच ती टिकून आहे. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते; मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलग्यांमध्ये १५ ते १७ व्या वर्षापर्यंत तिचं हाड होतं, आणि तोवर तो भाग नाजूक असतो. वाढीच्या वयात टाच दुखणं किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा उंचवटा येणं हे खेळणाऱ्या मुलांत दिसतंही. पण त्याचं कारण आठवडेच्या आठवडे त्याच जागी पडणारा तोच तो ताण. एखाद्या रविवारची दीड किलोमीटरची धाव नव्हे. उलट धावण्या-उड्या मारण्याचे धक्के वयात येण्याआधीच्या हाडांना बळकट करतात. उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि पोषणावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी असावी. पाच ते सतरा वयासाठी २०२० ची शिफारस रोज सरासरी ६० मिनिटांची आहे. छोट्यांची धाव पाव तासात आटोपते. काळजी करायचीच तर उरलेल्या आठवड्यात मूल किती वेळ बसून असतं, याची करावी.

आता न थांबण्याच्या आग्रहाकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. सुटल्यासुटल्या मूल जीव खाऊन पळतं, शंभर मीटरवर थांबतं, फुगा बघतं, पुन्हा सुसाट सुटतं. पालकांना यात बेशिस्त दिसते. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली दर तीन सेकंदांनी टिपल्या गेल्या. जोरदार हालचालींचे बहुतेक झटके पंधरा सेकंदांच्या आतच संपत होते. मुलं मोजकीच पंधरा होती, पण मैदानाच्या कठड्यावर बसून कुणीही हे ताडून पाहू शकतो. दमल्यावर ही मुलं इतक्या लवकर ताजीतवानी कशी होतात, याचंही उत्तर आहे. २०१८ च्या एका फ्रेंच-ऑस्ट्रेलियन अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांची तुलना सराव नसलेल्या प्रौढांशी आणि लांब पल्ल्याच्या कसलेल्या खेळाडूंशी केली गेली. थकव्याला तोंड देण्यात ही मुलं त्या खेळाडूंच्या तोडीची निघाली आणि श्रमानंतर सावरण्यात तर थोडी पुढेच होती. राहिला एकसारख्या वेगाचा प्रश्न. आपली ताकद पुढच्या अंतरावर वाटून देण्यासाठी किती उरलंय याचा अंदाज लागतो, आणि तो बुद्धीच्या वाढीबरोबर येतो. २०१२ च्या एका ब्रिटिश अभ्यासात पाच-सहा वर्षांची मुलं जोरात सुटून हळूहळू मंदावत गेली; वेग राखून धरून शेवटी पुन्हा वाढवणं मोठ्या मुलांनाच जमलं. तेव्हा कडेला उभं राहून ‘हळू, हळू’ म्हणून ओरडणारे बाबा एका अर्थी अजून न शिकवलेल्या धड्याची परीक्षा घेत असतात.

यावर आक्षेप येतोच: असं मनाला येईल तेव्हा थांबू दिलं तर जिद्द कशी यायची? स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ पासून मुलं रोज पंधरा मिनिटं बाहेर धावतात. गणवेश तोच, घड्याळ नाही, क्रमांक नाही, हवं तेव्हा चालायची मुभा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, असा उपक्रम नसलेल्या दुसऱ्या शाळेच्या तुलनेत या मुलांची दमदार हालचाल रोज सुमारे ९ मिनिटांनी वाढलेली दिसली आणि धावण्याच्या चाचणीत ती सरासरी सुमारे ३९ मीटर पुढे गेली. दोनच शाळांची तुलना आहे, हे मान्य. तरी दामटल्याशिवाय दम वाढत नाही, या म्हणण्याला ती पुरेसा छेद देते.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे. अमेरिकेतल्या ट्विन सिटीज मॅरेथॉनच्या सव्वीस वर्षांच्या नोंदींत सात ते सतरा वर्षांच्या ३१० मुलांनी पूर्ण मॅरेथॉन संपवल्याचं आणि त्यांपैकी फक्त चौघांनाच वैद्यकीय तंबूत जावं लागल्याचं दिसतं. मग लांब अंतराची एवढी काळजी कशाला? पण ती स्वतःहून उतरलेली, तयारी असलेली निवडक मुलं होती, आणि मोजला गेला तो फक्त शर्यतीचा दिवस. आपल्याकडे २००६ मध्ये चार वर्षांचा बुधिया सिंग पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावला तेव्हा देशाने टाळ्या वाजवल्या. मग बालकल्याण अधिकाऱ्यांनी त्याच्या अशा धावण्यावर बंदी आणली. पाय चालतात म्हणून चालवत राहायचं का, हे इतक्या लहान मुलाला ठरवता येत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. दमा असलेल्या मुलाने धावू नये, हे खरं नाही. २००३ मध्ये महिलांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफना किशोरवयापासून दमा होता. डॉक्टरांनी सांगितलेला पंप मात्र खिशात हवा. ग्लुकोजच्या पुडीची गरज नाही, एनर्जी ड्रिंक तर मुलांना देऊच नये. हलक्या नाश्त्यावर आणि पाण्यावर भागतं. मुलांना ऊन सोसत नाही हेही अर्धसत्यच: पाणी आणि विश्रांती मिळाली तर ती मोठ्यांइतपत तग धरतात, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये सांगितलं. तरीही मोठ्यांच्या शर्यती संपेपर्यंत मुलांना उन्हात ताटकळत ठेवणाऱ्या कार्यक्रमात नाव न घातलेलंच बरं. आणि शेवटच्या टप्प्यात पदकासाठी मुलाला मनगटाला धरून ओढत नेऊ नये. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं कोपर अशा हिसक्याने सटकू शकतं. डॉक्टर ते सहसा क्षणात जागेवर बसवतात, पण त्याचा दोष धावण्याच्या माथी मारता येत नाही.