विंचरून न घेणाऱ्या सशांची निगा

बैलाच्या पाठीवर खरारा फिरू लागला की तो मान लांबवून स्वस्थ उभा राहतो, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. ससा मात्र तसे करीत नाही. ब्रश अंगास लागताच तो अंग चोरतो, मागचा पाय आपटतो, हिसका देऊन निसटतो व प्रसंगी चावतोही. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत हौसेने ससे पाळणाऱ्यांची ही नेहमीची अडचण आहे. अशा वेळी काही जण सशास बळाने दाबून धरतात, तर काही जण विंचरणेच सोडून देतात. पहिल्या चुकीने सशाचा मणका मोडू शकतो; दुसरीने त्याच्या पोटाचा विकार बळावू शकतो. या दोहोंमधील सुरक्षित मार्ग कोणता, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

ससा का घाबरतो?

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. घार वरून झडप घालते, मुंगूस मागून धरते. म्हणून वरून येणारा हात व अंगावर पडणारी पकड या दोहोंचा अर्थ त्याच्या लेखी एकच असतो. ही त्याची उपजत वृत्ती आहे, हट्ट नव्हे. त्याचा सांगाडा हलका व ठिसूळ असून मागील पायांचे स्नायू फार बलवान असतात. त्यामुळे घट्ट धरलेल्या सशाने जोराने लाथ झाडली तर त्याच्याच बळाने त्याचा कमरेचा मणका मोडतो व मागील पाय कायमचे लुळे पडू शकतात.

केस काढणे आवश्यक का?

ससा जिभेने चाटून आपले अंग स्वच्छ ठेवतो. त्या वेळी गळालेले केस पोटात जातात. मांजर असे केस ओकून टाकते. सशास मात्र ओकता येत नाही. भरपूर गवत व पाणी मिळत असल्यास हे केस लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. परंतु गवत कमी पडले, पाणी अपुरे मिळाले किंवा दुखण्याने आतड्यांची गती मंदावली, म्हणजे केस व चारा यांचा गोळा पोटात घट्ट होऊन बसतो. म्हणून केवळ विंचरणे पुरेसे नाही. सशाच्या आहाराचा मोठा भाग गवत किंवा वाळलेला चारा हाच असावा.

दुसरे कारण हवेचे आहे. सशास माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. उपनगरात मार्च ते मे या महिन्यांत व पुन्हा ऑक्टोबरात दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि हवाही दमट असते. अशा हवेत गळालेल्या केसांचा थर अंगावर राहिल्यास सशाचा त्रास वाढतो. लांब केसांची अंगोरा जात लोकरीसाठी कुलू खोऱ्यासारख्या थंड प्रदेशात पाळली जाते. उपनगरातील हवेत हौसेखातर ती न आणणेच श्रेयस्कर.

प्रथम हाताची सवय

पहिले काही दिवस ब्रश बाजूस ठेवावा. सकाळी अथवा सायंकाळी, ससा स्वस्थ असताना, जमिनीवर गोणपाट अंथरून त्याच्या शेजारी बसावे. त्यास उचलू नये. तो आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहावी. कोथिंबिरीची काडी खावयास देऊन कपाळावरून व कानांमागून हळूहळू हात फिरवावा. हे त्यास मानवू लागले की तळहात किंचित ओला करून पाठीवरून केसांच्या दिशेने फिरवावा. सुटे केस हातास चिकटून येतात. कित्येक सशांच्या बाबतीत एवढ्यानेच बरेचसे काम भागते.

विंचरण्याची रीत

१. ब्रश मऊ असावा. तो प्रथम सशापुढे ठेवून त्यास हुंगू द्यावा.

२. आरंभी एकच मिनिट, तेही केवळ पाठीवर, ब्रश फिरवावा. ससा अस्वस्थ होण्यापूर्वीच थांबावे. सवय होईल तसतसा हा वेळ वाढवीत न्यावा.

३. पोट, हनुवटी, पाय व शेपटीचा भाग नाजूक असतो. तेथे सर्वांत शेवटी व अगदी हलक्या हाताने जावे.

४. आखूड केसांच्या सशास एरवी आठवड्यातून एकदोन वेळा विंचरणे पुरते. केस झडण्याच्या काळात मात्र रोज थोडे थोडे विंचरावे.

५. केसांची गुठळी झाल्यास तिचे मूळ दोन बोटांत धरून टोकाकडून हळूहळू मोकळी करावी. कात्री चालवू नये. सशाची कातडी पातळ असल्याने ती केसांबरोबर सहज कापली जाते.

६. उचलणे अपरिहार्य असल्यास एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली देऊन ससा आपल्या अंगाशी टेकवून धरावा. कान धरून कधीही उचलू नये.

काही जण सशास उताणा पाडून विंचरतात. उताणा ससा निश्चल पडतो, परंतु ती शांतता नसून भीतीने आलेली ताठरता असते. तसेच सशास आंघोळ घालू नये. ओले केस लवकर वाळत नाहीत व तो गारठतो. मागील भाग मळल्यास तेवढाच कोमट पाण्याने पुसून लगेच कोरडा करावा.

रोगाची शंका केव्हा घ्यावी?

एरवी विंचरून घेणारा ससा एकाएकी हात लावू देईनासा झाला, तर त्यास कोठेतरी दुखत आहे असे समजावे. नाक, कान किंवा पंजांवर खरपुडी दिसल्यास खरजेचा संशय घ्यावा. ती माणसासही लागू शकते, म्हणून हात साबणाने धुवावेत. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधे सशास लावू नयेत. त्यांपैकी फिप्रोनिल सशास घातक ठरते. पावसाळ्यात मळलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात व अळ्या कातडीत शिरतात; यास्तव शेपटीखालचा भाग रोज पाहावा.

सशाने बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता पशुवैद्यास दाखवावे. जवळपास सोय नसल्यास परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना हवेशीर पेटी वापरावी व उन्हापासून जपावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी ससे पाळणाऱ्यांस ही रीत तोंडी न सांगता प्रत्यक्ष करून दाखवावी. सशाची भीती एका दिवसात जात नाही. परंतु रोजच्या एका मिनिटाने ती निश्चित कमी होते आणि त्याच मिनिटात त्याच्या अंगावरील दुखणेही वेळीच नजरेस पडते.