खुराड्याची चटक लागलेली घोरपड

नीरा डाव्या कालव्याच्या काठाला किंवा उजनीच्या फुगवट्यालगत ज्यांची वस्ती आहे, त्यांना घोरपड नवी नाही. बारामती-इंदापूरच्या माळावर, बांधाच्या दगडांत, वारुळाशेजारी ती पूर्वापार राहते आहे. तक्रार सुरू होते ती खुराड्यातली अंडी कमी भरू लागली म्हणजे. गावरान कोंबडीची अंडी ही घरच्या बाईच्या हातखर्चाची बाब. रोज दोन-तीन अंडी गेली की मीठ-मिरचीचा हिशोब चुकतो, आणि मग घरधनी काठी उचलतो. ती उचलण्यापूर्वी शेतकरी बंधु-भगिनींनी पुढील माहिती वाचावी.

चोर खरोखर घोरपडच आहे काय, हे प्रथम पाहावे. मुंगूस आणि सापही अंडी खातात. सकाळी खुराड्याभोवती चाळलेली राख पसरावी व दुपारी पाहावे. दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ उमटली असेल तर घोरपड समजावी. अंडी रात्री जात असतील तर तिच्यावर आळ घेऊ नये. अंगाला ऊन लागल्यावाचून तिला हालचाल जमत नाही, म्हणून ती दिवसाच फिरते.

रानात तिचे मुख्य खाणे म्हणजे किडे, भुंगेरे व त्यांच्या अळ्या. शिवाय उंदीर, खेकडे, अंडी आणि मेलेले जनावरही तिला चालते. उसातल्या हुमणीने हैराण झालेल्या शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दुभंगलेल्या जिभेने ती हवेतला वास टिपते, आणि एकदा खाणे मिळाले त्या जागी पुन्हा येते. खोडी एवढीच आहे. तेव्हा मोडायची ती तिची सवय, तिची पाठ नव्हे.

अंडी दुपारपर्यंत ठेवू नयेत. कोंबडीने घातली की उचलावीत. खुड्कीखालची अंडी असतील तर डालग्यावर वजन ठेवावे. खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण घोरपड उकरते. ती चढतेही, म्हणून वरची बाजू उघडी ठेवू नये. सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे घोरपड. मेलेली पिल्ले आणि कोंबडी साफ केल्यावरची आतडी उकिरड्यावर फेकण्याची आपली रीत फार वाईट. ती खोल पुरावीत.

पोरांनी गंमत म्हणून तिला आतडी टाकणे तर ताबडतोब बंद करावे. कोमोडो ड्रॅगन ही इंडोनेशियातली घोरपडीचीच थोरली जात. प्राणिसंग्रहालयात तिला सांभाळणारे लोक काठीच्या टोकाला रंगीत खूण लावतात आणि ती दाखवूनच खाणे देतात. हेतू हा, की जनावराने खाण्याची गाठ माणसाच्या हाताशी बांधू नये. तशी गाठ बसली की हात दिसताच ते तोंड घालते.

तानाजीच्या घोरपडीची कथा ऐकून एखादा पोरगा पिल्लाच्या कमरेला दोरी बांधतो. ही हौस महागात पडेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे. तिला पाळणे, मारणे, तिचे मांस किंवा तेल विकणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षे कैद व दंड आहे. सांधेदुखीवर तेल म्हणून बाजारात जे मिळते त्याच्या नादी लागू नये. दुखणे राहते आणि खटला मागे लागतो. विष घालून अंडे ठेवणे त्याहून घातक. ते आपलेच कुत्रे खाईल.

घोरपड खुराड्यात सापडलीच तर कोंबड्या बाहेर काढाव्यात, दार सताड उघडावे, कुत्रे बांधावे आणि सर्वांनी लांब व्हावे. वाट मोकळी दिसली की ती जाते. कोंडलेली घोरपड मात्र शेपटीचा फटका मारते, चावते. चावल्यास जखम साबणाने भरपूर पाण्यात धुवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. ती निघतच नसेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.